तळ्यातला रोहित

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगते. जाऊ द्या, हसा! मकरपुऱ्यातली आमची अख्खी कंपनी हसून बसलीय, त्यात तुमची भर.

मला पक्ष्यांचं भारी वेड. मार्चमध्ये पाहुणे पक्षी परत निघतात, आणि मी निघते कामावर! म्हणून सुभानपुऱ्याहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकी माझीच, आणि गळ्यात दुर्बीण.

त्या सोमवारी वाटेतल्या तळ्याकाठी, गवतात, काहीतरी गुलाबी दिसलं. एका पायावर उभं!

"रोहित! फ्लेमिंगो!" मी अशी किंचाळले, की ड्रायव्हर रमेशभाईंनी कचकन ब्रेक मारला.

"शुं थयुं बेन? कोई पडी गयुं?"

"कुणी पडलं नाही, पक्षी आहे, भाई! कच्छकडे निघालाय!"

मंगळवारी रोहित तिथेच. बुधवारीही तिथेच. कुणालाही शंका आली असती, नाही का? मला नाही आली!

"दमलाय बिचारा," मी बसला समजावलं.

शेजारच्या कल्पनाबेन हळहळल्या, "भूख्यो हशे!" आणि त्यांनी खिडकीतून मूठभर ममरा, म्हणजे कुरमुरे, फेकले.

रोज बस थांबणार, रोज आम्हाला उशीर. शेवटी मॅनेजर शहासाहेबांनी बोलावलं. गेली नोकरी, म्हटलं! तर साहेब म्हणतात, "सुनंदाबेन, उद्या मी पण बसने येतो. माझ्या बांना बघायचाय तुमचा फ्लेमिंगो."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या आई, बा, पहिल्या सीटवर. रमेशभाईंनी इंजिन बंद केलं. सगळे श्वास रोखून. बांनी माझी दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि शांतपणे म्हणाल्या,

"बेटा, आ तो उत्तरायणनो पतंग छे."

"अहो बा, संक्रांतीचा पतंग मार्चमध्ये कुठला? पाय बघा ना त्याचा!"

"पग नथी, सळी छे."

तेवढ्यात वारा सुटला आणि माझा रोहित गर्रकन उलटा झाला. पोटावर साडीच्या दुकानाची जाहिरात!

बस हसून हसून हलायला लागली. साहेब तर डोळे पुसत होते. मी डब्याच्या पिशवीत तोंड खुपसलं.

"सुनंदाबेन, जुओ जुओ! पक्षी! वर बघा!" सगळी बस ओरडली.

आता मी फसते होय? म्हटलं, करा चेष्टा! डोकं वर काढलंच नाही.

बऱ्याच वेळाने बांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "काय सुंदर गं! गुलाबी मैनांचा थवा, आख्खं आकाश भरलं होतं. तुझ्यामुळे पाहायला मिळालं."

मी धडपडत खिडकीबाहेर मान काढली. आकाश स्वच्छ, रिकामं.

सगळ्या बसने पाहिला हो तो थवा. एक पक्षीतज्ज्ञ सोडून!