मी काय रिकामी हाय?

"फिरायला? मी काय रिकामी हाय?" असं म्हणून म्हातारी मांडीवर थाप मारायची आणि माझ्या फॉर्मकडं असं बघायची, की मलाच लाज वाटावी.

मादन हिप्परग्याला मी दरसाल जायचे. उतारवयात माणसं किती हालचाल करतात, त्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो, याचा वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास. माणसं तीच, प्रश्न तेच. फॉर्म भरणारी मी. व्यायाम करता का? "न्हाई बा." खेळ? "आता खेळू व्हय?" हात न टेकता खुर्चीतनं पाचदा उठा म्हटलं, की ती सहाव्यांदाही उठायची. "तू उठून दाखव बघू," म्हणायची. मी खुर्ची धरून उठायचे आणि ती तोंडाला पदर लावून हसायची.

शेवटी तिच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधायचा. सात दिवस तो तिच्याकडं, आठव्या दिवशी मी परत न्यायचा.

एका साली ऑफिसातनं तिच्या नावाचा छापील कागद आला: हालचाल अत्यल्प, पडण्याचा धोका. मी साहेबांना फोन लावला. "अहो, ही बाई दिवसभर शेरडांमागं माळावर असते. मी डोळ्यानं बघितलंय!"

"डोळ्यानं बघितलेलं चालत नाही, मॅडम. यंत्रात काय आलं ते बोला."

आणि मी, पगाराची गुलाम, मुकाट्यानं तो कागद तिच्या लेकाच्या हातात दिला. आज माझ्या त्या हाताला चटका द्यावा वाटतो.

लेक चांगला हो! चांगला होता हीच तर पंचाईत. तो घाबरला. आठवड्यात शेरडं विकली. "अव्वा, आता बसून खा," म्हणाला.

पुढच्या साली ती ओट्यावर बसलेली. खुर्चीतनं दोनदा उठली, तिसऱ्यांदा तिनं माझा हात धरला. "आता विचार, फिरायला जाते का. आता रिकामीच हाय मी." मी पट्टा बांधायला घेतला तर म्हणाली, "आता सातही दिवस घालते बघ."

"म्हणजे? अगोदर घालत नव्हतीस?"

"देवापुढं काढून ठेवत होते की. लोकाची वस्तू. बाभळीच्या काट्यात चिरा पडल्या तर तुला बोलणी बसली असती."

मला बोलणी बसू नयेत म्हणून! आणि मी एवढी शहाणी, पट्टा नव्यासारखा परत कसा येतो हे एकदाही विचारलं नाही. लेकाला आत्ताच सांगते म्हणून मी उठले. तिनं माझा पदर ओढला.

"नको. शेरडं इकताना पोरगं रडलंय. पुन्हा कामून रडवायलीस?"

साहेबांना मात्र सांगितलं. "जुनी नोंद बदलता येत नाही," ते म्हणाले. "आणि यंदाचा आकडा बघा. अंदाज बरोबरच निघाला की!" तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणावं? मी जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यंदा गेले, तर ओट्यावर कुणी नव्हतं. लेकानं देवाच्या फोटोमागनं तो कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला.

"अक्का, तुमच्या कागदात खरं लिहिलं होतं बघा. पडली ती उठलीच न्हाई. पण आम्ही लई जपलाव तिला. उंबरा वलांडू दिला न्हाई."

"व्हय," मी म्हणाले.