दुसऱ्या कागदावरचा अंगठा

काही अर्जांची फाईल बंद होते, पण मनातून ते निघत नाहीत. आमगावच्या बाजूला ठाणेदार असताना आलेला एक अर्ज माझ्या बाबतीत तसाच आहे. दोन हजार तीन-चारचा सुमार असावा.

अर्जदार शेतकरी होता. वडील वारले होते. त्यांनी रजिस्टर केलेलं मृत्युपत्र त्याच्याजवळ होतं, त्यात सारी जमीन त्यालाच. आता विधवा होऊन माहेरी आलेली बहीण साध्या कागदावरचं, नंतरच्या तारखेचं मृत्युपत्र दाखवत होती.

"बनावट हाये जी. मेलेल्या मानसाचा आंगठा कोनीबी लावते," तो म्हणाला.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि माझं कुतूहल वाढलं. नव्या कागदात बहिणीला तळ्याखालच्या दोनच बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे दोन तुकडे होते, बाकी सारं भावाला. पहिल्या कागदातली बैलजोडी मधल्या काळात विकली गेली होती, म्हणून तिच्या बदल्यात भावाला पाण्याचं इंजिन लिहिलं होतं. बनावट कागद करणारा समोरच्याचं नुकसान असं भरून देत नाही.

ठाण्यात चहा द्यायला आलेल्या चहावाल्याने टेबलावरचा नवा कागद पाहून सांगितलं, "साहब, लिखावट तो रिटायर मास्तर की है."

मास्तरांना बोलावून दरडावलं, "कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?"

"ज्याची जमीन त्याच्या. दरसाली धान घरी आलं का बुढा कागद काढे, मले वाचाले लावे. कोन मेलं, काय इकलं, कोनाले काय कमी पडते, पाहे. त्या साली जावई गेला होता. म्हने, मास्तर, हा कागद आता जुना झाला."

मी पुष्कळ उलटतपासणी केली; मास्तर तसूभर हलले नाहीत. कागदावरच्या दोन्ही साक्षीदारांचे जबाब जुळले. अंगठा ठसेतज्ज्ञांकडे पाठवला, तोही रजिस्ट्रीवरच्या अंगठ्याशी जुळला. कागद खरा होता.

इथे थांबायला हवं होतं. पण भावाने विचारलं, "साहेब, रजिस्ट्री मोठी का साधा कागद?"

मी ताबडतोब म्हणालो, "रजिस्ट्रीच पक्की."

बहीण कोपऱ्यात उभी होती. "पन बाबाचा आंगठा खरा हाये ना?"

"खरा आहे. पण कोर्टात टिकणार नाही."

"मी खोटी नाही ना? मंग झालं." हक्क नसल्याच्या जबाबावर तिने सही केली. 'आपसात समझोता' असा शेरा मारून मी अर्ज दप्तरी दाखल केला. एक घर कोर्टापासून वाचवलं, असं अनेक वर्षं अभिमानाने सांगतही होतो.

निवृत्तीनंतर स्वतःचं मृत्युपत्र बदलायला वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, "दोन साक्षीदारांसमोर केलेलं शेवटचं मृत्युपत्र धरतात. रजिस्टर करणं सक्तीचं नाही." मला ठाण्यात कोपऱ्यात उभी असलेली ती बहीण आठवली.

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या गावी गेलो. ती दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी करून आली होती. पायांवरचा चिखल वाळला होता. मी सारं सांगितलं.

"तवा तुमाले मालूम होतं का जी?"

"नाही."

"वकिलाले इचारलं होतं?"

"नाही."

"मंग सांगतलं काऊन?"

'का?' हा तिचा प्रश्न मी शेकडो आरोपींना वेगवेगळ्या शब्दांत विचारला असेन. ठाण्यात आलेला माणूस खुर्चीतून निघालेला शब्द कायदा समजूनच घरी जातो. 'हे मला माहीत नाही, हे माझं काम नाही' एवढं मी म्हटलं असतं, तर तिने ती सही केली नसती.

इतक्या वर्षांनी काही होईल की नाही, हे वकीलच सांगतील. "बाबाचा कागद हाये अजून," ती म्हणाली. मी घडलेलं सगळं लिहिलं, माझ्या चुकीसकट, आणि खाली सही करून ते तिच्या हातात दिलं.

तिने घडी घातली नाही. "वाचून दाखवा आधी," म्हणाली.