पेंटरभाऊंनी पुसलेली नावं

पेंटरभाऊ एखादं नाव करायला बसले की संगणकाच्या पडद्यावर फक्त एका अक्षराचा एक कोपरा दिसायचा. आठशे टक्के मोठं करून, नाक काचेला टेकेल इतकं वाकून ते 'क'चं पोट गोल करत बसत. बाजाराचा दिवस, बाकड्यावर गिऱ्हाईक ताटकळलेलं, बाहेर जीपवाला हॉर्न वाजवतोय, आणि यांचं पोट काही गोल होत नाही. मी चिडून म्हणायची, "भाऊ, इतक्या जवळून कोन पाह्यते हो? फ्लेक्स तं खांबावर टांगाचा हाय." मान न वळवता उत्तर यायचं, "ज्याचं नाव असते तो पाह्यते, वहिनी."

भाऊ मुळात ब्रशचे पेंटर. दारव्ह्यातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम गेलं. माझ्या नवऱ्याने, दिलीपने, फ्लेक्सचं दुकान काढलं तेव्हा त्यांना बोलावून घेतलं आणि फोटोशॉप शिकवलं. वाढदिवसाचे फलक, लग्नातली वधूवरांची जोडनावं, मोबाइलच्या स्टेटसला लावायची मोरपिसाची नि सोनेरी कडेची नावं, हे आमचं काम. तयार फॉन्ट ढिगाने मिळतात. टाइप करा, चमक लावा, दहा मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं. भाऊंना ते पटत नसे. ते एकेक बिंदू टाकून अक्षर स्वतः काढायचे, आणि त्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे, "घरी काय म्हनते तुले?" एक मुलगी लाजत "छकुली" म्हणाली, तर मला म्हणाले, "आता टोकदार अक्षर चालाचं नाही." हे शास्त्र त्यांनी कुठून पैदा केलं होतं देव जाणे.

पण माझं डोकं खरं फिरायचं ते त्यांच्या दुसऱ्याच सवयीने. फोटोशॉपमध्ये अक्षर, वेल, सावली, मागचा रंग असं सगळं वेगवेगळ्या लेयरवर असतं, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं. ती फाइल जपली तर पुढे केव्हाही हवं ते बदलता येतं, हवं तेवढं मोठं करता येतं. शहाणा माणूस ती जपतो. भाऊ मात्र काम छापून झालं की मूळ फाइल पुसून टाकायचे. मागे उरायचा तो गिऱ्हाइकाला नमुना म्हणून मोबाइलवर पाठवलेला छोटासा फोटो. वर्षभराने कोणीतरी यायचं, "ताई, याच्यात फक्त तारीख बदलवून द्या," आणि मी कपाळावर हात मारायची.

"काहून पुसता हो भाऊ?"

"भित्त रंगवून झाली का परत उघडते का, वहिनी?"

"भित्त नाही ना हे, कंप्युटर हाय!"

"हाय ना. मनूनच तं पुसा लागते."

मी आदळआपट करत काउंटरवर जाऊन बसायची.

खरं सांगायचं तर ही सवय त्यांना लागली ती माझ्यामुळे. दिलीप अचानक गेला आणि दुकान माझ्या गळ्यात आलं, त्यानंतरच्या पहिल्या लग्नसराईची गोष्ट. जवळच्या गावातल्या एका मुलीच्या लग्नासाठी भाऊंनी तीन दिवस खपून जोडनाव केलं होतं. दोन्ही नावांतून एकच वेल फिरवली होती, कुठेही न तुटता. पुढच्याच आठवड्यात दुसरी पार्टी घाईत आली. भाऊ जेवायला गेलेले. मी ती फाइल उघडली, वेल तशीच ठेवली, आतली नावं पुसून दुसरी टाइप केली आणि छापून दिलं. वीस मिनिटांत काम फत्ते, म्हणून स्वतःवर खूशही झाले. दोन्ही लग्नं एकाच गावची निघाली. रस्त्याच्या अल्याड एक फलक, पल्याड दुसरा, वेल तीच. पहिल्या मुलीची आई दुकानात येऊन रडायला लागली. "माह्या पोरीचं नाव खोडून त्याच जागी दुसरीचं लावलं तुमी. लगन होऊन आठ दिवस नाही झाले तिचं." भाऊ उठले, हात जोडले आणि म्हणाले, "चूक माही हाय, बाई." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून दुकानात एकही फाइल शिल्लक राहिली नाही. मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी वर्षानुवर्षं त्यांच्यावरच चिडत राहिले. चूक आपली असली की माणूस जरा जास्तच चिडतो.

पुढे भाऊंचा हात कापायला लागला. माउस एका जागी थांबेना. ते वणीला मुलीकडे राहायला गेले. त्याच वर्षी रस्ता रुंद झाला, आमचं दुकान मागच्या गाळ्यात गेलं आणि दुप्पट मोठी पाटी करायची वेळ आली. जुनी पाटी उन्हाने पांढरी पडली होती. दिलीप गेल्यावर त्याच्या नावाची ती पाटी भाऊंनीच केली होती. दिलीप मान जराशी कलती ठेवून चालायचा. नावाची पहिली वेलांटी त्यांनी तशीच कलती काढली होती. मला तेच नाव हवं होतं, फक्त मोठं. संगणक पालथा घातला तेव्हा तळहाताएवढा फोटो सापडला. ताणून मोठा केला तर अक्षरांच्या कडा फुटल्या आणि नाव धुरकट झालं. दुकानात एकटी बसून मी भाऊंना मोठमोठ्याने शिव्या घातल्या.

मग लॅपटॉप पिशवीत घातला आणि एसटीने वणी गाठली. भाऊ अंगणात बाजेवर बसले होते, खूपच वाळलेले. मी पाणीही घेतलं नाही.

"एवढं एक नाव तं ठेवाचं होतं, भाऊ. माह्या नवऱ्याचं होतं ते."

"तेच तं पयले पुसलं, वहिनी."

"काहून?"

"तुमी रोज उघडून पाह्यत बसल्या असत्या. मंग दुकान कोन चालवलं असतं?"

मला आणखीनच राग आला. भाऊंनी लॅपटॉप जवळ ओढायला लावला. "काढा तुमी. मी सांगतो." धुरकट फोटो खाली ठेवून त्यावर मी नवं अक्षर काढायला लागले. कापतं बोट काचेवर टेकवून ते सांगत होते, "हितं बिंदू टाका. आता वढा. एवढं नोका वढू." चार तास गेले. चहा दोनदा थंड झाला. उन्हं उतरली तेव्हा नाव पुरं झालं. भाऊ डोळे बारीक करून बघत राहिले.

"वेलांटी जड झाली," ते म्हणाले.

"सुधरवू?"

"नाही. आता छापा अन् पुसून टाका."

मी ऐकलं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत, मुद्दाम, सगळ्या लेयरसकट फाइल जपून ठेवली.

आणि झालं त्यांनी सांगितलं तेच. दुकान उघडलं की मी आधी ती फाइल उघडायची. वेलांटी पातळ कर, कलती कर, पुन्हा आधीसारखी कर. दिवाळी गेली, लग्नसराई आली, नवं दुकान पाटीवाचूनच. जुनी गिऱ्हाइकं विचारत विचारत यायची, नवी दुसरीकडे जायची. भाऊंचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "लागली का पाटी?" मी म्हणायची, "लावून राह्यली ना भाऊ, थोडं काम बाकी हाय." पलीकडून नुसतं "हं" यायचं. त्या "हं"चाही मला संताप यायचा.

एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. वणीला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून ती फाइल काढली. वेलांटी अजून जडच होती. मी तिला हात लावला नाही. छापायला टाकली आणि छापून झाल्यावर फाइल पुसली.

भाऊंचा राग मला अजूनही येतो. इतका शहाणा माणूस, सगळं कळायचं आणि नीट फोड करून काही सांगायचं नाही. पाटी चढवायला आलेल्या माणसाने शिडीवरून विचारलं, "ताई, सरळ हाय का?" मी खालून "हाय" म्हटलं, आत गेले आणि दार ओढून घेतलं. दिलीप गेला तेव्हा दुकानाच्या धावपळीत रडायचं राहूनच गेलं होतं. त्या दिवशी दोघांसाठी मिळून रडले.