आई म्हटल्यावर

रेणापूरहून लातूरला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली. लातुरात क्लासला ठेवलेल्या लेकीचा डबा मांडीवर होता. खड्डा आला की ती त्यावर दोन्ही हात दाबून धरायची.

"एकच लेक का?" मी सहज विचारलं.

"माझा नवरा अन् तान्हं लेकरू भूकंपात गेलं. आताच्या ह्यांची बायको बी त्यातच गेली. मग पत्र्याच्या शेडात आमचं लगीन लागलं. ही पोर ह्यांची, तवा तीन वर्षांची. त्याच दिशी मला आई म्हणली, अन् मी तिच्या थोबाडीत मारली."

एसटी खड्ड्यात आदळली. तिनं डबा पुन्हा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"रडत रडत ती मलाच बिलगली, बाई. भूकंपानंतर मी तवा पयल्यांदा रडले. तिला काईच आठवत न्हाई. सांगू का वो तिला?"

लातूरचा स्टँड आला, तशी ती डबा छातीशी धरून उतरली.