हात वर गेला पाहिजे

माझ्या बायकोच्या काकांच्या घरी खुंटीला सदरा अडकवून झोपण्याची हिंमत अख्ख्या पोलादपुरात आता कोणी करत नाही. सकाळी त्या सदऱ्याच्या बाह्या उसवलेल्या असतात आणि दोन्ही काखांत भलत्याच कापडाचे चौकोन जोडलेले असतात. काकांची सगळी नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत गेली. तिथला गणवेश काखेत काचायचा, आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक शिंपी त्यांचा वैरी झाला. "हात वर गेला पायजे रे! हात वर जात नाय तो सदरा नाय, बेडी हाय," असं म्हणत ते महाडच्या दुकानात नवा सदरा चढवतात आणि एसटीच्या दांडीला लोंबकळल्यासारखे दोन्ही हात वर करून उभे राहतात. दुकानदार तेवढ्यापुरता दुसरीकडे बघतो. माझा दिवाळीचा कोरा सदरा त्यांनी मी आंघोळीला गेलो असतानाच फाडला होता. मी हादरलो, ओरडलो, आणि मग, सांगायला लाज वाटते, दिवसभर तोच घालून सुखात हिंडलो.

पण त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, सुवर्णाच्या, लग्नाची सुपारी फुटायची होती त्या दिवशी त्यांनी जे केलं त्यापुढे माझा सदरा काहीच नव्हे. शिवथरची मंडळी आली होती. मुलगा सुवर्णाच्या मनातला. त्याचे वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात इतके आखडून बसले होते की पोह्यांचा घास घ्यायला त्यांना मान खाली न्यावी लागत होती. काका टक लावून बघत होते. "जरा सदरा काढा बघू, काखंत काय तरी हाय," ते म्हणाले. पाहुण्यांना वाटलं मुंगळा. त्यांनी घाईघाईने सदरा काढला आणि काका तो घेऊन आत गेले. शिलाई मशीनचा आवाज आला तेव्हा काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सदरा परत आला तो काखेत निळ्या पट्ट्यांचा उशीचा अभ्रा घेऊन.

"उठा रे, चला!" मुलाचा मामा कडाडला. सुवर्णा दारात पांढरीफटक. मुलाच्या वडिलांनी सदरा घातला. हात वर केले. पुन्हा केले.

"हात जातो खरा," ते म्हणाले, "पन लग्नात ही कात्री नको."

मंडळी गेल्यावर सुवर्णाने काकांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "आबा, माझी शपथ हाय. लग्नाच्या दिवशी कुनाच्या बाहीला हात लावायचा नाय."

लग्नात व्याह्यांनी काकांना शिवलेला सदरा आहेर केला. बघूनच कळत होतं, काखेत घट्ट. काकांनी तो अंगात चढवला, आणि दिवसभर त्यांनी एक टाका उसवला नाही.

उन्हं उतरताना गाडी निघाली. सुवर्णाने काचेतून हात हलवला. काकांनीही हात उचलला, तो खांद्यापर्यंत येऊन अडला. मला बघवेना.

"काका, वळली गाडी. द्या सदरा, मी उसवतो."

"नको रे," ते म्हणाले. "शपथ लग्नाच्या दिवसाची हाय. दिवस संपलाय कुठं?"

रस्ता रिकामा झाला तरी तो अर्ध्यावर अडलेला हात त्यांनी कितीतरी वेळ खाली घेतला नाही.