शिग्मा सरांची कात्री

आमचे सर वर्गात यायचे ते खिशात कात्री घेऊन. नव्वदच्या दशकात बारामतीच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चौदा जणांत दोन संगणक होते आणि त्यातला एक बहुधा बंदच असायचा. त्यामुळे डेटाबेस हा विषय सर कागदावरच शिकवत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तक्ता आखायचे: नाव, गाव, विषय. मग कात्री चालायची.

"नुसती बावड्याची पोरं पायजेत? मग तेवढ्या आडव्या ओळी ठेवा. ह्ये सिलेक्शन, शिग्मा. नुसती गावं पायजेत? मग उभं कापा. ह्ये प्रोजेक्शन." उभ्या पट्टीत एकच गाव दोनदा आलं की एक तुकडा फेकून द्यायचे. "संच हाय ह्यो. हितं दुबार चालत न्हाय."

सिलेक्शनसाठी लिहितात त्या सिग्मा या ग्रीक अक्षराला ते शिग्मा म्हणत, म्हणून आम्ही त्यांना शिग्मा सर म्हणू लागलो. अर्थात पाठीमागे.

सर लोणी भापकरचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. गणिताची पदवी घेणारे घरातले ते पहिलेच. दोन तक्ते जोडायचा जॉइन त्यांनी कसा शिकवला ते मी अजून विसरलो नाही. "आधी ह्या तक्त्यातल्या समद्यांचं त्या तक्त्यातल्या समद्यांशी लगीन लावा. मग ज्यांचं गाव जुळत न्हाय ती जोडपी मोडा. उरलं त्यो जॉइन." शहरातली मुलं खो खो हसली. मीही हसलो, पण मला ते तिथल्या तिथे समजलं होतं.

मी निमगाव केतकीचा. घरी आम्हीही हाय-न्हायच बोलायचो. क्लासमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून मी पुस्तकी मराठी बोलत होतो, आणि कोणी विचारलं तर गाव म्हणून तालुक्याचं इंदापूर सांगत होतो. एकदा सरांनी भर वर्गात विचारलं, "तू निमगावचा न्हवं का? मंग असा परक्यावानी का बोलतूस?" वर्ग हसला.

पुढच्याच आठवड्यात मुलांनी सरांविरुद्ध अर्ज करायचं ठरवलं. अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला. 'सरांची भाषा अशुद्ध असल्याने विषय समजत नाही.' चौदा जणांत तो विषय सगळ्यात चांगला मलाच समजत होता. तरी पहिली सही मी केली.

क्लासच्या मालकांनी तो अर्ज सरांना दाखवला आणि महिनाअखेरीस काम सोडायला सांगितलं. शेवटच्या दिवशी सर आले आणि राहिलेला भाग, डिव्हिजन, शिकवायला लागले. "समदे विषय ज्यानं घेतल्यात, त्योच निवडायचा. एक जरी ऱ्हायला तरी न्हाय. परीक्षेत इचारत्यात, म्हणून घेतो." तास संपल्यावर माझ्या बाकापाशी थांबले. माझ्या वह्या ते वर्षभर तपासत होते.

"अक्षर झ्याक हाय तुजं," ते म्हणाले. "पेपरातबी असंच काढ."

मी वही मिटून दप्तरात टाकली. पेपरात डिव्हिजन आलं. त्या विषयात मी क्लासमध्ये पहिला आलो. लोणी भापकर काही लांब नव्हतं, एसटी रोज जात होती. मी गेलो नाही.

चार वर्षांनी, पुण्यात नोकरीला असताना, ऑफिसच्या कामासाठी एका सहकाऱ्याबरोबर बारामतीला आलो होतो. स्टँडवर सर दिसले. डोक्यावर टोपी, शेजारी डाळिंबाचे दोन क्रेट. त्यांनीच मला ओळखलं.

"लागली का नोकरी?"

"हो सर. डेटाबेसचंच काम आहे."

"लई ब्येस झालं!" त्यांचा चेहरा खरोखर फुलला. क्रेटमधून दोन डाळिंबं काढून त्यांनी माझ्या हातात कोंबली. माफी ओठांपर्यंत आली होती, पण सहकारी जवळच उभा होता. तेवढ्यात सरांची गाडी लागली आणि ते क्रेट चढवायला धावले.

"कोण होते रे?" सहकाऱ्याने विचारलं.

हातातल्या डाळिंबांकडे बघत मी म्हणालो, "कोणी नाही. गावाकडचे आहेत."