रेच्यांच्या हॉलमधल्या मावशी

"पदर खोचा आधी," मावशी म्हणायच्या. समोर कोण आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ओढणीवाल्या मुलींनाही तेच, आणि एकदा गळ्यात मफलर अडकवून आलेल्या प्रमुख पाहुण्यांनाही तेच. त्या गृहस्थांनी मफलर मुकाट्याने खिशात कोंबला होता.

लोहाऱ्याच्या वाटेवरची बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी आम्ही काही चित्रकारांनी भाड्याने घेतली होती. कापसाच्या गोदामांत स्टुडिओ थाटले. सरकी काढणारे रेचे जिथे होते, त्या लांबलचक हॉलमध्ये प्रदर्शनं भरू लागली. मावशी झाडलोट करायच्या. पूर्वी त्या इथंच कामाला होत्या, एवढंच मला ठाऊक होतं.

माझ्या चित्रासमोर झाडू टेकवून विचारायच्या, "हे बाई काय करून राह्यली?"

"बसली आहे, मावशी."

"कामाच्या टायमाले?"

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक शिल्पकार आला. एके काळी पट्ट्यांनी रेचे फिरवणारा छताखालचा जुना शाफ्ट पाहून हरखला. त्याने शाफ्टला मोटार जोडली आणि माझ्याकडे एखादी साडी मागितली. मी माझी हिरवी सुती साडी दिली. उद्घाटनाला दुपारी शाफ्ट फिरू लागला आणि साडी हळूहळू त्याच्याभोवती गुंडाळत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आत आल्या. ट्रे हातातून सुटला. त्या धावत खांबामागे गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

शाफ्ट थांबला.

"माही जाऊ इथंच गेली," त्या म्हणाल्या. "पट्ट्यात अडकून शाफ्टात पदर गेलता तिचा. मी बाजूच्याच रेच्यावर होती. बटन कुठी हाय, थे मले मालूम नव्हतं. मंग पाहून ठेवलं."

मावशींनी स्टूल ओढलं, वर चढून साडीचा एकेक वेढा सोडवला. इतक्या सावकाश, जणू आत कोणी होतं. मग घडी घालून माझ्या हातात दिली. दोन वर्षं मी त्याच शाफ्टखाली बसून चहा प्यायले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. आठवड्याने मी घर शोधत गेले. "जय भीम, या," म्हणून त्यांनी खुर्ची दिली.

"आधी का नाही सांगितलंत, मावशी?"

"तुमी कधी इचारलं नाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी जावेचं नाव विचारलं.

"शेवंता," त्या म्हणाल्या. "मी झाडाले येत होती थे तिच्यासाठी. तिथं कचरा नोको पडाले. पण आता नाई येनं होत. डोये मिटले का थो फिरताना दिसते."

मोटार आम्ही काढून टाकली. तो हॉल आता मी झाडते. शाफ्टखालची जागा आली की खाली मान घालूनच झाडते. वर पाहायचं धाडस अजून झालेलं नाही.